रक्ताचे डाग मोजणारा रसायनशास्त्रज्ञ

जानेवारी १९५५. अमेरिकेच्या ओहायो राज्यात, एरी सरोवराच्या काठी वसलेल्या बे व्हिलेज या गावातल्या एका बंद घराचे कुलूप उघडले गेले. सहा महिन्यांपूर्वी या घरातल्या वरच्या मजल्यावर एका तरुण गर्भवती स्त्रीचा खून झाला होता. खटला चालला होता, निकाल लागला होता, पती जन्मठेप भोगायला तुरुंगात गेला होता. वृत्तपत्रांच्या दृष्टीने प्रकरण संपले होते. त्या घरात आता शिरले ते कॅलिफोर्नियाहून आलेले एक प्राध्यापक. भिंतींवर वाळलेले रक्ताचे डाग अजून तसेच होते. पुढचे काही दिवस त्यांनी ते डाग पाहिले, मोजले, त्यांची छायाचित्रे घेतली आणि नमुने गोळा केले. त्यांचे नाव पॉल लेलँड कर्क.

आज गुन्ह्याच्या जागी तिपाईवर ठेवलेला लेझर स्कॅनर काही मिनिटांत संपूर्ण खोलीचे माप घेतो आणि संगणकाच्या पडद्यावर रक्ताच्या शिंतोड्यांच्या वाटा उलट्या दिशेने काढून दाखवतो. हे तंत्र कोणत्या प्रश्नांची उत्तरे देते आणि कोणत्या प्रश्नांपाशी थांबते, हे समजून घ्यायचे असेल तर कर्क यांच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण सापडणार नाही.

कर्क यांचा जन्म ९ मे १९०२ रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे झाला. ओहायो स्टेट विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी, पिट्सबर्ग विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण आणि १९२७ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास झाला. पुढे बर्कलीतच ते शिकवू लागले. त्यांचा विषय होता सूक्ष्मरसायन, म्हणजे अगदी कणभर पदार्थाचे अचूक पृथक्करण. जिथे इतरांना परीक्षानळीभर द्रव लागे, तिथे त्यांचे काम थेंबाच्या अंशावर भागे. पदार्थ थोडा आहे म्हणून उत्तर मिळणार नाही, ही सबब त्यांना मान्य नव्हती.

गुन्हेशोधाकडे ते वळले ते योगायोगाने. १९३४ च्या सुमारास एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की मेलेल्या कुत्र्यावर विषप्रयोग झाला होता का, हे सांगता येईल का? प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. त्यानंतर थोड्याच काळात एका बलात्काराच्या तपासात पोलिसांनी पीडितेचे कपडे त्यांच्याकडे तपासणीसाठी आणले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना त्या कपड्यांवर परक्या कापडाचे धागे दिसले. ते हल्लेखोराच्या सदऱ्याशी जुळले आणि आरोपीला शिक्षा झाली. साक्षीदार नसताना दोन-चार धाग्यांनी साक्ष दिली होती.

बर्कलीमध्ये या कामाला पोषक हवा होती. तेथील पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी पोलिसांना विद्यापीठात शिकवण्याची प्रथा सुरू केली होती. १९३७ मध्ये या अभ्यासक्रमाची सूत्रे कर्क यांच्याकडे आली. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्यांना वेगळ्याच कामाचे बोलावणे आले. अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात प्लुटोनियम हे नवे मूलद्रव्य सुरुवातीला डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकेच हाती लागत होते. एवढ्याशा कणांवर रसायनाचे प्रयोग करायचे तर सूक्ष्मरसायन जाणणारेच हवेत, म्हणून कर्क त्या कामात सामील झाले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा बर्कलीला परतले. १९५० मध्ये तिथे गुन्हेशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय उभे राहिले आणि १९५३ मध्ये त्यांचे ‘क्राइम इन्व्हेस्टिगेशन’ हे पुस्तक आले. गुन्हेगार जिथे जातो तिथे काही ना काही मागे सोडतो, काही ना काही सोबत नेतो. हा पुरावा घाबरत नाही, विसरत नाही आणि खोटेही बोलत नाही, तो शोधण्यात किंवा त्याचा अर्थ लावण्यात माणूस मात्र चुकू शकतो, असा विचार त्यांनी त्यात मांडला. पुढे दोनच वर्षांनी या विचाराच्या दोन्ही बाजूंची परीक्षा त्यांना स्वतःलाच द्यावी लागली.

४ जुलै १९५४ च्या पहाटे मेरिलिन शेपर्ड यांची त्यांच्या पलंगावरच डोक्यावर घाव घालून हत्या झाली. लहानगा मुलगा शेजारच्या खोलीत झोपला होता. पती सॅम शेपर्ड हे शल्यविशारद. त्यांचे म्हणणे असे, की ते खालच्या मजल्यावर झोपले होते, ओरडणे ऐकून वर धावले, तिथे कुणीतरी त्यांना मारून बेशुद्ध केले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी एका विस्कटलेल्या केसांच्या माणसाचा सरोवराच्या काठापर्यंत पाठलाग केला आणि पुन्हा मार खाऊन ते कोसळले. पोलिसांना ही कहाणी पटली नाही. शेपर्ड यांचे विवाहबाह्य संबंध उघड झाले आणि क्लीव्हलँडच्या वृत्तपत्रांनी खटला उभा राहण्याआधीच त्यांना दोषी ठरवून टाकले. खटल्यात अपमृत्यू अधिकारी सॅम्युएल गर्बर यांनी उशीवरच्या रक्ताच्या डागात शस्त्रक्रियेच्या एखाद्या हत्याराचा ठसा दिसतो, अशी साक्ष दिली. असे हत्यार कधीच सापडले नाही. पण आरोपी शल्यविशारद असल्याने त्या साक्षीचा परिणाम व्हायचा तो झाला. २१ डिसेंबर १९५४ रोजी ज्युरींनी शेपर्ड यांना दोषी ठरवले.

खटला संपेपर्यंत घराच्या किल्ल्या सरकारी ताब्यात होत्या. त्या हाती येताच बचाव पक्षाचे वकील विल्यम कॉरिगन यांनी कर्क यांना पाचारण केले. घर इतके दिवस बंद राहिले, हीच कर्क यांच्या दृष्टीने जमेची बाजू ठरली. भिंती पुसल्या गेल्या असत्या तर त्यांच्या येण्याला काही अर्थच उरला नसता.

रक्ताचा डाग नेमके काय सांगतो? हवेतून उडालेला रक्ताचा थेंब पृष्ठताणामुळे जवळजवळ गोल असतो. तो भिंतीवर अगदी सरळ, काटकोनात आदळला तर डाग गोल उमटतो. तिरका आदळला तर डाग लांबट होतो आणि त्याला शेपटी फुटते. ती शेपटी थेंब कोणत्या दिशेने चालला होता ते दाखवते. डागाची रुंदी भागिले लांबी हे गुणोत्तर म्हणजे आपण दहावीच्या त्रिकोणमितीत शिकलेले कोनाचे साइन. डाग ४ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर लांब असेल तर गुणोत्तर अर्धे येते, म्हणजे थेंब ३० अंशांच्या कोनात आदळला. अशा अनेक डागांपासून मागे रेषा काढल्या की त्या साधारण एका जागी एकत्र येतात. घाव कुठे बसला, ती ही जागा.

या गोष्टी कर्क यांनी शोधल्या नव्हत्या. एडवर्ड पिओत्रोव्स्की यांनी १८९५ मध्ये सशांवर प्रयोग करून डोक्यावरच्या घावांनी रक्त कसे उडते याचा पहिला पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला होता. फ्रान्समध्ये व्हिक्टर बाल्थाझार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये डागाची लांबी-रुंदी आणि आदळण्याचा कोन यांचे नाते मांडले होते. कर्क यांनी हे ज्ञान एका खऱ्या खोलीत वापरले आणि ते अमेरिकी न्यायालयासमोर ठेवले.

शयनगृहाच्या भिंतींवर आणि दारांवर शिंतोडे पसरले होते, पण एका कोपऱ्यालगतचा भाग जवळजवळ कोरा होता. तिथले रक्त कुठे गेले? मारणाऱ्याच्या अंगाने ते अडवले, असे कर्क यांनी मांडले. म्हणजे मारेकरी तिथे उभा होता. काही थेंब मोठे, संथ गतीने आदळलेले होते. ते हत्यार मागे उगारताना त्यावरून झटकले गेले असावेत. बर्कलीच्या प्रयोगशाळेत रक्ताने भिजवलेल्या लक्ष्यावर वेगवेगळ्या वस्तूंनी घाव घालून त्यांनी उमटणाऱ्या शिंतोड्यांची तुलना केली. मारेकऱ्याच्या अंगावर, कपड्यांवर भरपूर रक्त उडालेच असणार, हा त्यांचा निष्कर्ष होता. शेपर्ड यांच्या विजारीवर मात्र गुडघ्याजवळ एकच डाग होता. त्यांचा टी-शर्ट सापडला नव्हता, आणि सरकारी पक्ष त्यावरच बोट ठेवत होता.

कर्क इथेच थांबले नाहीत. झटकलेल्या थेंबांच्या मांडणीवरून मारेकरी डावखुरा होता, असे त्यांनी सांगितले. शेपर्ड उजव्या हाताने काम करणारे होते. कपाटाच्या दारावर एक मोठा डाग होता. तो उडालेल्या रक्ताचा नसून वाहत्या जखमेतून पडलेला आहे, मेरिलिन यांनी मारेकऱ्याच्या हाताला चावा घेतला असावा आणि हे रक्त त्या दोघांखेरीज तिसऱ्याच माणसाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मेरिलिन यांचे आणि त्या डागातले रक्त दोन्ही ‘ओ’ गटाचे आले. पण चाचणीत रक्तपेशींच्या गुठळ्या होण्याचा वेग वेगळा दिसला, यावरून त्यांनी ही दोन वेगळ्या माणसांची रक्ते ठरवली. एप्रिल १९५५ मध्ये त्यांनी हे सारे प्रतिज्ञापत्रात मांडले.

न्यायालयाने नव्या खटल्याची मागणी फेटाळली. हा पुरावा नव्याने सापडलेला म्हणता येणार नाही, बचाव पक्षाला तो आधीच मिळवता आला असता, असा युक्तिवाद मान्य झाला. भिंतीवरचे डाग खरे की खोटे हा प्रश्नच मागे पडला आणि शेपर्ड यांची जवळजवळ दहा वर्षे तुरुंगात गेली. १९६४ मध्ये तरुण वकील एफ. ली बेली यांच्या प्रयत्नांनी त्यांची सुटका झाली. ६ जून १९६६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, वृत्तपत्रांच्या गदारोळात शेपर्ड यांना न्याय्य खटला मिळालाच नव्हता, असा निर्णय दिला. त्याच वर्षी फेरखटला उभा राहिला. यावेळी कर्क साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होते आणि ज्युरींनी त्यांचे म्हणणे प्रथमच ऐकले. गर्बर यांचा शस्त्रक्रियेच्या हत्याराचा दावा उलटतपासणीत टिकला नाही. १६ नोव्हेंबर १९६६ रोजी शेपर्ड निर्दोष सुटले.

गोष्ट इथे संपली असती तर ती विज्ञानाच्या निर्भेळ विजयाची झाली असती. पण कर्क यांच्या निष्कर्षांना काळाने सारखे गुण दिले नाहीत. मारेकरी कुठे उभा होता, रक्त कोणत्या बाजूने कुठे उडाले, ही त्यांची मांडणी मोजमापावर उभी होती आणि कुणालाही ती पुन्हा तपासून पाहता येत होती. मारेकरी डावखुरा होता, या म्हणण्यावर नंतरच्या तज्ज्ञांनी आक्षेप घेतले, कारण हात फिरवण्याच्या पद्धती अनेक असतात आणि त्यातून उडणारे थेंब हुबेहूब सारखे दिसू शकतात. रक्ताच्या गुठळ्यांच्या वेगावरून माणूस वेगळा ठरवणे तर आजच्या कसोटीला उतरतच नाही. १९९० च्या दशकात जुन्या नमुन्यांची डीएनए तपासणी झाली, २००० मध्ये शेपर्ड यांच्या वारसांनी लावलेला दिवाणी दावा क्लीव्हलँडमध्ये चालला, दोन्ही बाजूंनी रक्ताच्या डागांचे तज्ज्ञ उभे राहिले आणि ज्युरींनी दावा फेटाळला. मेरिलिन यांना कुणी मारले, याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही.

शेपर्ड यांचे ६ एप्रिल १९७० रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी निधन झाले. दोनच महिन्यांनी, ५ जून १९७० रोजी कर्क गेले. आदल्याच वर्षी त्यांचे आगीच्या तपासावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. सुधारित आवृत्त्यांच्या रूपाने ते पुढेही त्यांच्या नावाने ओळखले गेले. अमेरिकन अकॅडमी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेसच्या गुन्हेशोध-विज्ञान विभागाचा सर्वोच्च सन्मान आज कर्क यांच्या नावाने दिला जातो.

त्यांच्यामागे हे शास्त्र वेगाने पसरले, पण त्याचा पाया तेवढ्या वेगाने भक्कम झाला नाही. १९७१ मध्ये हर्बर्ट मॅकडोनेल यांचा रक्ताच्या थेंबांवरील अहवाल आला, थोड्या दिवसांच्या कार्यशाळांतून अनेक पोलीस ‘तज्ज्ञ’ होऊन बाहेर पडू लागले. डागापासून दोऱ्या ताणून त्या कुठे एकत्र येतात ते पाहायचे, ही रूढ पद्धत झाली. दोरी सरळ असते. थेंब मात्र गुरुत्वाकर्षणाने खाली ओढला जातो, हवेच्या विरोधाने मंदावतो आणि वक्र मार्गाने येतो. त्यामुळे दोऱ्यांनी काढलेली घावाची उंची प्रत्यक्षापेक्षा जास्त येते. बसलेला माणूस उभा होता असे वाटू शकते, आणि स्वसंरक्षण की खून हा प्रश्न कधीकधी नेमका याच फरकावर अवलंबून असतो.

मोजमापातली छोटी चूकही महागात पडते. १० मिलिमीटर लांबीच्या डागाची रुंदी ९.५ मिलिमीटर धरली तर कोन सुमारे ७२ अंश येतो, ९.८ धरली तर साडेअठ्ठ्याहत्तर. फरक केसाएवढा, पण दोन मीटर मागे गेल्यावर तो जवळजवळ एक वीत होतो.

लेझर स्कॅनर नेमका इथे मदतीला येतो. तो फिरत्या आरशातून प्रकाशाचा किरण खोलीभर फेकतो आणि परावर्तित होऊन आलेल्या किरणावरून प्रत्येक बिंदूचे अंतर काढतो. असे लाखो बिंदू मिळून खोलीची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. तिच्यातली चूक साधारण काही मिलिमीटरची असते. कोणत्याही वस्तूला हात न लावता, कोणत्याही डागावर पाय न पडता हे होते. मात्र स्कॅनरला मिलिमीटरभर थेंबाची कडा पुरेशी स्पष्ट दिसत नाही, आणि काळसर, चकचकीत पृष्ठभागावरून किरण नीट परतत नाही. म्हणून डागांची मोजपट्टीसह जवळून छायाचित्रे घ्यावीच लागतात. ती छायाचित्रे प्रतिकृतीत त्यांच्या जागी बसवतात. डागाचा आकार छायाचित्रातून आणि त्याची जागा स्कॅनमधून घेतली जाते. मग संगणक दोऱ्यांचे काम क्षणात करतो.

यातला सर्वांत मोठा फायदा वेगाचा नाही. खोली पुसली, भिंत रंगवली, घर विकले गेले तरी प्रतिकृती उरते. दहा वर्षांनी अपिलात उभा राहिलेला बचाव पक्षाचा तज्ज्ञही त्याच खोलीत पुन्हा शिरू शकतो आणि पहिल्या तज्ज्ञाचे गणित तपासू शकतो. शेपर्ड प्रकरणात हे घर बंद राहिल्यामुळे घडले. ते तसे बंद राहील याची हमी कुणीच दिलेली नव्हती.

पण स्कॅनरला थेंब कसा उडाला हे ठाऊक नसते. हा शिंतोडा घावाचा, की जखमी माणसाच्या खोकल्यातून उडालेला, की मदतीला धावलेल्याच्या हाताचा, हे अजूनही माणूसच ठरवतो. संगणकाने सरळ रेषा धरल्या तर दोऱ्यांची चूक अचूकपणे पुन्हा होते, आणि पडद्यावरचे रंगीत चित्र पाहून ती खरी वाटण्याचा धोका उलट वाढतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ मध्येच बजावले होते, की रक्ताच्या डागांच्या विश्लेषणातील अनिश्चितता फार मोठी आहे आणि तज्ज्ञांची मते अनेकदा शास्त्रापेक्षा व्यक्तिनिष्ठ असतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष काम करणाऱ्या ७५ विश्लेषकांना खरे उत्तर आधीच माहीत असलेले डाग दाखवले गेले. त्यांची सुमारे ११ टक्के उत्तरे चुकीची निघाली. खटल्यातल्या आरोपीसाठी हा आकडा लहान नाही.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांमध्ये न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची आणि त्याचे चित्रीकरण करण्याची तरतूद आहे. ती टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. पंचांच्या सह्यांच्या कागदी पंचनाम्याला आता दृश्य नोंदीची जोड मिळेल. पुढे स्कॅनरही येतील. तेव्हा न्यायालयांनी, वकिलांनी आणि बातम्या वाचणाऱ्या आपण सगळ्यांनी दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. डाग कुठे होता आणि केवढा होता, हा पहिला. त्यावरून कुणी काय केले असे म्हणता येईल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर यंत्र अधिकाधिक चांगले देत जाईल. दुसऱ्याचे उत्तर देणाऱ्या तज्ज्ञाला मात्र, तुमचा अंदाज किती चुकू शकतो, असे विचारलेच पाहिजे.

पॉल कर्क यांच्या मोजमापाने एका माणसाला पुन्हा न्याय मागता आला, आणि त्यांच्या काही अनुमानांनी त्यांच्यासारखा निष्णात माणूसही मोजमापाच्या पुढे जाऊ शकतो हे दाखवून दिले. त्यांच्या विद्येचे आजचे वारसदार या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवतील, तर त्यांच्या हातातले लेझरचे यंत्र खरोखर उपयोगी पडेल.